निथळणारं इंजिन

४ मार्च

ती. दादास,
टिल्लीचा सा. न. वि. वि.

उपनगरी गाड्यांच्या यार्डात जुनी डिझेल इंजिनं रांगेत लावली आहेत. आठवडाभर मी कॅमेरा घेऊन तिथेच पडीक आहे. त्यात बाबांचं इंजिनही सापडलं! या इंजिनांच्या फोटोंचं प्रदर्शन आहे, त्यात माझ्या फोटोशेजारी बाबांचा तो जुना फोटो लावणार आहेत. खिडकीत बाबा आणि निथळणारं इंजिन. फोटोखालची ओळ पंधरा तारखेपर्यंत द्यायची आहे. 'भर पावसात गाडी आणणारे आमचे ड्रायव्हर बाबा' असं मी लिहूनही ठेवलं होतं.

पण तसाच फोटो काढायला गेले आणि डोकं चक्रावलं. ड्रायव्हरची खिडकी पलीकडची. बाबा बसलेत ती मदतनिसाची. भिंगातून पाहिलं, तर इंजिन ओलं आणि बाजूची वाट कोरडी ठणठणीत. हा कुठला पाऊस? बाबा असते तर विचारलं असतं. आईला काही बोलू नकोस, मनाला लावून घेईल.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी टिल्ली

९ मार्च

चि. टिल्लीस अनेक आशीर्वाद.

पाऊस नव्हता, पाण्याची नळी होती. बाबा इंजिनं धुवायचे. हिरवा-तांबडा त्यांना सारखाच दिसे, म्हणून ड्रायव्हरकी हुकली. एकदा डबा द्यायला गेलो तेव्हा मला कळलं. टिल्लीला सांगू नकोस, अशी त्यांनी शपथ घातली. आईलाही ठाऊक नसेल, असं समजून मी तिच्यापासूनही लपवलं.

तुझं पत्र बावळटासारखं टेबलावर ठेवलं. आईने वाचलं आणि हसत सुटली. म्हणाली, लग्नाआधीच त्यांनी सांगितलं होतं, ओल्या बाह्या रोज मीच पिळायचे. पोरांना खरं वाटतंय तर वाटू दे, म्हणून ती गप्प!

मग ड्रायव्हरचं आलं कुठून, असं मी विचारलं. तिने तुझं नाव घेतलं. पहिलीत असताना तू बाईंना सांगून आलीस, माझे बाबा इंजिन चालवतात. बाबांना ते खोडवेना. दुसऱ्या दिवशी एका ड्रायव्हरच्या हातापाया पडून त्यांनी तो फोटो काढून घेतला. त्याने स्वतःची जागा काही दिली नाही, मदतनिसाची दिली.

रागावू नकोस. आमची आठवण ठेव.
तुझा दादा

१३ मार्च

ती. दादास सा. न.

खूप रडले. मला तर ती शाळाही नीट आठवत नाही रे.

जुनी ओळ फाडून नवी दिली. पाटी रंगवणाऱ्याला तिचा अर्थ लागेना. मी म्हटलं, आहे तशीच राहू दे. आईला घेऊन ये आणि तिला वाचून दाखव: 'हे इंजिन आमचे बाबा धुवायचे. त्यांना ड्रायव्हर मी केलं.'

तुझीच,
टिल्ली