काठ पाण्यातून धरायचा

४ जून

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझे रिपोर्ट पाहिले. मूत्रपिंडं आता फार काळ साथ देणार नाहीत; डायलिसिसची तयारी आत्ताच केलेली बरी. बाबांनी आणि मी ठरवलंय, घरीच करायचं. पोटात मऊ नळी बसवतात, तिच्यातून औषधी पाणी आत सोडायचं, काही तासांनी काढायचं. दवाखान्याच्या फेऱ्या वाचतात. एवढंच, की तलावात उतरता येणार नाही; नळीच्या वाटेने जंतू पोटात जातात. साठी उलटली, पोहायला शिकवणं पुरे झालं, असं बाबाही म्हणाले. आणि पाणी दिवसाला एक लिटर, चहा-दूध धरून.

रागावू नकोस.

तुझी भाची

९ जून

चि. डॉक्टरीणबाईंस अनेक आशीर्वाद.

फोन मुद्दामच केला नाही. फोनवर तू दवाखान्याच्या आवाजात बोलतेस आणि मी गप्प बसते. पत्रात मला मध्येच तोडता येत नाही.

तू आणि दादाने ठरवलंत! नवरी मी आणि पसंती तुमची? इतकी वर्षं घाबरणाऱ्यांना पाण्यात उतरवलं, आता काठावर बसून स्वेटर विणू? तुझ्या त्या ‘एवढंच’मध्ये माझा अख्खा तलाव बुडाला, बाई. नळी नको. दुसरा मार्ग असेल तर सांग, नसेल तर तसंही सांग. आणि एक लिटरवर आधी तू एक दिवस राहून दाखव, मग मला शिकव.

तुझी आत्या

१७ जून

ती. आत्यास नमस्कार.

राहिले. संध्याकाळी एका पेशंटला, पाणी जास्त प्यायले म्हणून रागवायला तोंड उघडलं, तर जीभ टाळूला चिकटलेली. तेच हसायला लागले.

प्रत्येक नव्या पेशंटला मी विचारते, तुमचा दिवस कसा जातो. तुला विचारलं नाही. मला वाटलं, मला माहीत आहे.

दुसरा मार्ग आहे. हातातली शीर धमनीला जोडायची. ती जाड व्हायला महिना-दोन महिने लागतात. मग आठवड्यातून तीनदा इथे येऊन, त्या शिरेत सुया टोचून मशीनवर चार-चार तास रक्त गाळायचं. सुयांच्या जागा नीट भरल्या, की मशीनचे दिवस सोडून पोहता येईल. पण थकशील, बांधली जाशील, हृदयावर ताणही जास्त. मला विचारशील तर नळीच बरी. पण पोट तुझं, हातही तुझा. तू म्हणशील त्याच्यामागे मी उभी राहीन. बाबा अबोला धरतील, ते मी बघते.

तुझी भाची

२१ सप्टेंबर

चि. सौ. कां. भित्र्या भाचीस आशीर्वाद.

परवाच मशीनपाशी भेटलो, तरी लिहितेय. तिथे तू डॉक्टर असतेस.

जोडलेली शीर हातात भुंगा अडकल्यासारखी गुणगुणते. माझ्या शिकाऊ बायका ओळीने कान लावून जातात. तू बजावलं होतंस तसंच झालं: पहिले काही दिवस उलट्या झाल्या, पाय गळाले, तुला मनातल्या मनात शिव्याही घातल्या. तरी हाताच्या बदल्यात नळी मागणार नाही.

काल उतरले. अर्ध्यातच दम लागला, काठ धरला. पण पाण्यातून धरला! दादा टॉवेल घेऊन उभा होता. अजून बोलत नाही, पण टॉवेल सुका होता.

आता माझी अट. आठवड्यातून तीनदा मी तुझ्या खुर्चीत बसते, सुयांना भीत भीत. तू अजून गुडघाभर पाण्यापुढे गेली नाहीस. रविवारी ये. पाणी मोजून मला आहे, तुला नाही.

लोभ आहेच. वाढवायचा असेल तर पोहण्याचा पोशाख घेऊन ये.

तुझी आत्या