अण्णांची गाडी कापावी की नाही

तीर्थरूप दादा,

पायांवर डोकं ठेवून नमस्कार (गुडघ्यांमुळे हल्ली तो मनातल्या मनातच करावा लागतो, तरी पूर्ण धरावा). वहिनींनाही नमस्कार. तुमचा खोकला कसा आहे? पंख्याखाली झोपत नाही ना? फोनवरच विचारलं असतं, पण तुम्हाला ऐकू जावं म्हणून मी ओरडतो आणि शेजारचे भांडण सोडवायला येतात. म्हणून पत्र. मी बरा आहे. छातीत डावीकडे सारखं काहीतरी टकटकतं, पण डॉक्टर म्हणतात की ते हृदयच आहे.

तर विषय अण्णांच्या गाडीचा. अण्णा गेल्यापासून तुमच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली ती कित्येक वर्षं उभी आहे आणि माझ्या चिरंजीवांना ती कापून तिची हॉट रॉड करायची आहे. तुम्ही म्हणालात, तू ते गाड्यांचं प्रदर्शन बघून ये आणि सांग, तू म्हणशील तसं करू. दादा, जन्मभर तुम्ही माझं एक ऐकलं नाहीत आणि ऐकायला निघालात ते नेमकं इथे! तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. आपण गाडीला नुसते टेकलो तरी अण्णा रुमालाने ठसा पुसायचे, आणि तिला करवत लावायची की नाही हे मी ठरवायचं. मी, त्यांचा सातवीतून उठलेला मुलगा.

रविवारी सकाळी चिरंजीव न्यायला आले. (आले म्हणजे फाटकाशी हॉर्न वाजवला. स्वतःचं गॅरेज झाल्यापासून तो घरात येत नाही, हॉर्न वाजवतो.) मी छत्री, गोळ्या, पाण्याची बाटली आणि कानात घालायला कापूस घेतला. तो म्हणाला, "बाबा, आपण युद्धावर नाही चाललो." तासाभराने कापूस त्यानेच मागून घेतला, ते असो.

मैदानाच्या एका बाजूला जुन्या गाड्या होत्या, जशाच्या तशा राखलेल्या. डोळे निवले, दादा. अण्णांच्या गाडीची सख्खी बहीण शोभेल अशी एक होती, तोच फिकट हिरवा रंग, तसाच दांडीचा गिअर. मी दोरीपाशी बराच वेळ उभा राहिलो. तिचा मालक दात घासायच्या ब्रशने चाकांच्या तारा साफ करत होता. मी विचारलं, चालते कशी? तो दचकला. म्हणाला, चालवत नाही, ट्रकवर घालून आणतो आणि ट्रकवर घालून नेतो. मला त्या गाडीची उगाच काळजी वाटायला लागली. एवढी धडधाकट, आणि पाय जमिनीला लागू देत नाहीत.

दुसऱ्या बाजूला हॉट रॉड. आता हा प्रकार काय असतो ते सांगतो, म्हणजे वहिनींना वाचून दाखवता येईल. जुनी गाडी घ्यायची, छप्पर कापून बुटकं करायचं, मागे जाडजूड चाकं आणि पुढे किरकोळ लावायची, आत नवं दांडगं इंजिन घालायचं आणि त्यावरचं बॉनेट काढून फेकून द्यायचं. इंजिन सगळ्यांसमोर उघडं! ऑपरेशन अर्धवट टाकून डॉक्टर जेवायला गेल्यासारखं वाटतं. वर अंगभर ज्वाळा रंगवायच्या. गाडीला आग लागू नये म्हणून आपण आयुष्यभर जपायचं आणि ही मंडळी ती मुद्दाम रंगवून घेतात. मी मनाशी ठरवून टाकलं, तुम्हाला 'नाही' कळवायचं.

पण तेवढ्यात माझं लक्ष एका लाल गाडीकडे गेलं. ती उतारावर उभी होती आणि चाकाखाली काहीच नव्हतं. तुम्हाला आठवतंच, अण्णांनी गाडी थांबवली की आपण आधी उडी मारून चाकाला दगड लावायचो, मग बाकीच्यांनी उतरायचं. त्यात माझा जन्म गोदामाच्या राखणीत गेलेला. लावलेलं कुलूप तीनदा ओढून बघितल्याशिवाय मला घास उतरत नाही. खाली लहान मुलं खेळत होती. इकडे तिकडे बघितलं, चिरंजीव कुणाशी तरी बोलत होते. मी दोरीखालून वाकून गेलो (गुडघे तिथेच गेले) आणि तिथे पडलेली एक वीट पुढच्या चाकाला घट्ट लावून आलो. जीव शांत झाला.

थोड्या वेळाने सगळ्या गाड्यांची फेरी निघाली. लाल गाडी गर्जना करते, धूर सोडते, पण जागची हलत नाही! मागे रांग खोळंबली. कुणी म्हणे गिअर गेला, कुणी म्हणे इंजिन फसलं. चिरंजीव जाणत्यासारखे पुढे गेले, त्या उघड्या इंजिनात डोकं घालून काहीतरी पिळू लागले. शेवटी मालकीणबाई उतरल्या. दातांच्या डॉक्टर आहेत, हाताला ग्रीस. त्यांनी खाली वाकून बघितलं आणि वीट वर धरून म्हणाल्या, "हे कुणाचं काम?"

मी हात वर केला. शाळेत करायचो तसा.

चिरंजीव म्हणाले, "बाबा!" एवढंच. पण त्या एका शब्दात अख्खं खानदान आलं.

बाई मात्र हसत सुटल्या. "काका, सकाळपासून सगळे इंजिन बघून जातायत. चाकाची काळजी तुम्ही एकट्यानेच केलीत. बसा आता." आणि बसवलं मला! मी एका हाताने दार धरलं होतं, दुसऱ्या हाताने पुन्हा तेच दार. फिरता फिरता त्यांनी सांगितलं, ही त्यांच्या वडिलांची गाडी. परसात गंजून गेली होती, आत कोंबड्या अंडी घालायच्या. जेवढी शाबूत होती तेवढी ठेवली, बाकीची नवी केली. मी ओरडून विचारलं, वडिलांना हे आवडलं असतं? त्यांनी आधी वळण घेतलं. मग म्हणाल्या, "आधी चिडले असते. मग बसले असते."

दादा, त्यानंतर माझी मती गुंग झाली आहे. आपली गाडी तरी ताडपत्रीखाली किती शाबूत असेल? आणि अण्णा? ते चिडले असते हे नक्की. पुढचं मला सांगता येत नाही. तेव्हा माझं मत असं की मला मत नाही. थोरले तुम्ही, तुम्हीच ठरवा.

तुमचा,
धाकटा

ता. क. गाडी द्या. पण ज्वाळा नकोत, हे बजावा.

ता. क. चिरंजीव फोनवर म्हणतात, थोड्याशा ज्वाळा. बरं, मागच्या बाजूला चालतील.

ता. क. एक विनंती. गाडी देताना अशी अट घाला की काम गॅरेजात नाही, माझ्या मागच्या अंगणातच व्हायला हवं. म्हणावं, अण्णांची वस्तू घराबाहेर कापायची नाही. अट तुमची म्हणून सांगा, माझं नाव घेऊ नका. आवाजाचं आणि तेलाच्या डागांचं मी बघून घेईन. आणि काम कधी पुरं व्हावं, याबद्दल मात्र कृपा करून काहीच अट घालू नका.