बाबांना पाचपैकी किती

२ जानेवारी
डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. बाबांचा यकृताचा कॅन्सर पसरलाय, आता घरीच ठेवा. बडनेऱ्याहून त्यांना आमच्याकडे अमरावतीला आणलं. रडत बसणाऱ्यांतला मी नाही. मी मानसशास्त्राचा प्राध्यापक. संशोधनाचा विषयच ‘मृत्यूच्या उंबरठ्यावरील रुग्णांचा आत्मसन्मान’. दुसऱ्यांचे वडील कसेही जावोत, माझे ताठ मानेनं जातील. संकल्प : दर आठवड्याला मोजमाप. प्रश्नावली माझी स्वतःची. गुण एक ते पाच, पाच म्हणजे सन्मान शाबूत.

४ जानेवारी
पहिली चाचणी. प्रश्नावलीच्या डोक्यावर ‘अंतिम टप्प्यातील रुग्णांसाठी’ असं छापलंय, ते कात्रीनं कापलं. बाबांना अजून काही सांगितलेलं नाही. त्यांनी विचारलं, वरचं काहून कापलं? प्रिंटिंगची चूक, म्हणालो. पटलं असावं.

‘आपण इतरांवर ओझं झालो असं वाटतं का?’ या प्रश्नावर त्यांनी कागदाऐवजी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, “तुले कोन्ता आकडा पायजे?” आजारपणातही केवढं सहकार्य! सगळीकडे पाच.

७ जानेवारी
खुशालराव भेटायला आले. बाबा आणि ते दोघंही रेल्वेत गार्ड होते. बाबांचा आवाज जरा चढला होता, जुन्या साहेबाची नक्कल चालली होती. तेवढ्यात मी नेहमीच्या वेळेला विचारलं, बाबा, डायपर ओला झाला का? बाबांनी चादर गळ्यापर्यंत ओढली. खुशालराव चहा अर्धा टाकून निघाले.

स्वयंपाकघरात माझी बायको नीलम माझ्यावर उखडली. “चारचौघात असं विचारतात काय? मामाजींचं तोंड पायलं काय तुमी?” मी तिला शांतपणे समजावलं की मोकळेपणानं लाज कमी होते, यावर अभ्यास झालेले आहेत. तिनं भांडी जोरात ठेवली. घरात ताण आहे. समजू शकतो.

११ जानेवारी
बाबांनी खुशालरावांना फोन करून येऊ नको म्हणून सांगितल्याचं कळलं. बोलणंही कमी झालंय. नोंद : शांत स्वीकार. गुण पुन्हा पाच.

१३ जानेवारी
“मले दामिनीकडं नेऊन दे,” बाबा म्हणाले. कारण विचारलं तर सांगेनात. दामिनी माझी धाकटी बहीण, अकोल्याला जुन्या शहरात राहते. दोन खोल्या, बाहेर दिवसभर गाड्यांचे हॉर्न. इथे त्यांना स्वतंत्र खोली आहे, गिझर आहे, मी आहे. पण शेवटी लेकीची ओढ. नीलमनं त्यांची बॅग भरली.

बाबा पायजम्यात जायला तयार होईनात. पँट घातली, शर्ट खोचला. पँट कमरेवर राहीना. गाडीत पूर्ण रस्ता एका हातानं धरून बसले होते.

१९ जानेवारी
अकोला. दामिनीच्या दारात चप्पल काढताना आतून बाबांचं हसणं ऐकू आलं. चांदूर रेल्वे स्टेशनजवळ मालगाडी अडली तेव्हा ड्रायव्हर कसा झोपला होता, ते सांगत होते. दामिनी त्यांच्या पायाला तेल लावत होती आणि तीही हसत होती. मी आत गेलो. गोष्ट थांबली. “कागद आनला असन,” बाबा म्हणाले.

आणला होताच. ‘तुम्हाला माणूस म्हणून वागवलं जातं का?’ बाबांनी विचारलं, “इथचं सांगू का तिथचं?” मी म्हटलं, प्रश्नात तसा पर्याय नाही.

परतीच्या गाडीत विचार केला. पर्याय घालायला हरकत नाही. पुढच्या आवृत्तीत घालू.

२६ जानेवारी
कॉलेजचं झेंडावंदन आटोपून दुपारी अकोला. दामिनी औषध आणायला गेली. बाबा म्हणाले, “धर्मा, हात दे. बाथरूमले जाचं आहे.”

माझ्या पाठीचं दुखणं आहे. शिवाय संशोधकानं मध्ये पडू नये. मी म्हटलं, दामिनी येईलच. ते म्हणाले, “तू आहेस ना.” मी पाण्याचा ग्लास पुढे केला. काहून केला, माहीत नाही.

ते स्वतःच उठायला गेले. उठता आलं नाही. गादी ओली झाली, पँटही. आजही पँट घालून बसले होते, मी येणार म्हणून. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

“माफ कर, बाप्पा,” म्हणाले. मला.

होतं असं, काही नाही, मी म्हटलं, आणि गॅलरीत गेलो. दामिनी आली, तिनं दार लावून घेतलं. आतून पाण्याचा आवाज, तिचं हळू बोलणं. मी दाराबाहेरून विचारलं, येऊ का? बाबा नाही म्हणाले.

आज काही विचारलं नाही.

३ फेब्रुवारी
बाबा काल सकाळी गेले. दामिनीचा हात हातात होता म्हणे. मी बडनेरा स्टेशनवर अकोल्याच्या गाडीची वाट पाहत होतो.

आज घरी माणसं येत होती. बुद्धवंदना झाली. खुशालराव कोपऱ्यात बसून होते, माझ्याशी बोलले नाहीत. चांदूरच्या आत्यानं माझ्या तोंडावरून हात फिरवला. म्हणाली, “बापाची लय सेवा केली पोरानं. असा पोरगा सगळ्याईले भेटो.” चार-पाच जणांनी माना डोलावल्या.

मी म्हणालो, हो, जमेल तेवढं केलं.

दामिनी समोरच बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता बोलेल. तिनं आत्याच्या हातात चहा दिला आणि आत गेली.

बोलायला पाहिजे होतं तिनं.