यमुताईंची इंग्रजी अन् डिस्पॅचची खुर्ची

१५ जानेवारी १९७४

स्टूल मोडलं! एक पाय दिवाळीपासूनच लटकत होता, आज दुसरा गेला अन् मी धपकन खाली. फायली अंगावर. सारं ऑफिस हासलं. मीही हासली, काय करतं?

बाबाराव, आमचे हेडक्लार्क, चष्म्याच्या वरून पाहत म्हणते, "वच्छलाबाई, नवीन स्टुलासाठी अर्ज द्या." दिला. आता म्हणे साहेबाची सही होईन, मग अर्ज मुंबईले जाईन, मग पाहू. माझं बसणं मुंबईवाले ठरवणार! तोवर मी उभी.

आमचे हे जाऊन सहा वर्षं झाली. याच ऑफिसात शिपाई होते. त्याईच्या जागेवर कंपनीनं मले घेतलं. मॅट्रिक पास आहो मी, पण चहा आणायले मॅट्रिक लागत नाही. पंपाची कंपनी, सदरमधलं ऑफिस, सारा कारभार इंग्रजीत. अन् मले इंग्रजी येते ते ‘येस सर’ एवढंच. ही डायरी बी साहेबानं फेकलेली. कव्हरवर पंप आहे.

२२ जानेवारी

नोटीस लागली. डिस्पॅचचे, म्हणजे टपाल धाडायचे, म्हातारे क्लार्क रिटायर होऊन राहिले, त्याईची जागा भरायची आहे. कंपनीतला मॅट्रिक पास कोणताही माणूस अर्ज करू शकते. मुलाखत पाच एप्रिलले, मुंबईचे साहेब येणार, सारं इंग्रजीतून.

मी बाबारावले विचारलं, माणूस म्हणजे बाई चालते का?

"करा ना अर्ज, कोण नाही म्हणते? पण तुम्ही क्लार्क झाल्या तं चहा कोण आणन?" अन् खी खी खी. त्याईचा भाचा गोदामात आहे, त्यानं बी अर्ज केला म्हणते. म्हणूनच एवढं हासू.

टाकला अर्ज. पगाराचं, मानाचं मले काही नाही. डिस्पॅचच्या टेबलाले वेताची खुर्ची आहे, हात टेकायची. मले ते खुर्ची पाह्यजे. बस.

२७ जानेवारी

धरमपेठेत यमुताईंकडे नाव घातलं. रिटायर मास्तरीण. व्हरांड्यात चार बायांले इंग्रजी शिकवते. तोंडात चोवीस तास सुपारी. मले म्हणाल्या, "दोन महिन्यांत? गाढवाला गीता होत नाही दोन महिन्यांत." मी म्हटलं, ताई, मी गाढव नाही, शिपाई आहो. गाढवाले तरी बसता येते. त्या हासल्या अन् फी घ्यायची नाही म्हणाल्या. मग मले राग आला. म्हटलं, घ्या. घेतली.

३ फेब्रुवारी

आज कॅन, मे, मस्ट, शुड. ताई म्हणाल्या, "एवढेएवढे शब्द आहेत, पण कोण कोणाच्या वर आणि कोण खाली, ते यातूनच कळतं. कॅन म्हणजे अंगात जोर आहे. मे म्हणजे कोणीतरी हो म्हणायला पाहिजे. मस्ट म्हणजे सुटका नाही. शुड म्हणजे करायला हवं, पण नाही केलं तर कोणी फाशी देत नाही."

मी वहीत माझ्या पद्धतीनं लिहिलं. मस्ट म्हणजे सासू. शुड म्हणजे नणंद. मे म्हणजे साहेब. कॅन म्हणजे मी. ताईंनी वही पाहिली अन् त्याईच्या घशात सुपारी अडकली. पाठीवर दोन बुक्के मारले तेव्हा श्वास आला.

८ फेब्रुवारी

फजिती!!

साहेब म्हणाले, "कॅन यू गेट मी सम वॉटर?" अवं माय, आख्खं वाक्य समजलं! सहा वर्षांत पहिल्यांदा. मी छाती काढून म्हटलं, "येस सर, आय कॅन!" अन् उभी. साहेब माझ्याकडे पाहून राहिले, मी साहेबाकडे पाहून राहिली. मले वाटलं आता शाबास म्हणते. शेवटी ओरडले, "देन गेट इट!"

बाबारावनं बाहेर साऱ्यायले करून दाखवलं. दोनदा.

१० फेब्रुवारी

ताईंले सांगतलं. म्हणाल्या, "अगं, साहेबाचा कॅन म्हणजे मस्टच, फक्त टाय घातलेला." हे पुस्तकात काहून लिहीत नाही मग? पुस्तक लिहिणाऱ्यानं कधी पाणी आणलं नसन.

१७ फेब्रुवारी

आज एकमेकीले हुकूम द्यायचा होता. माझ्यासमोर प्रेमिला, लग्न ठरलेली पोरगी, नवरा भिलाईचा. तिनं मले धडाधड तीन हुकूम सोडले. यू मस्ट कम, यू मस्ट गो, यू मस्ट क्लोज द डोअर. लग्नानंतर बिचाऱ्याचं काय होणार देव जाणे.

माझी पाळी आली. तोंड उघडलं तं "प्लीज" निघालं. ताई म्हणाल्या, प्लीज नको, हुकूम दे. मी म्हटलं, "यू मस्ट... इफ यू हॅव टाइम." सगळ्या लोळल्या. परत. "यू मस्ट... सॉरी हं प्रेमिला." निघेच ना!

तिथं हासली मीही. पण पायी घरी येता येता संताप आला. सहा वर्षांत मी कोणाले काही करायले लावलं नाही. ऑफिसात तं नाहीच, घरी सासूलेही नाही. मांजरीलेही ‘जा वं बाई’ म्हणते मी.

२४ फेब्रुवारी

वुड अन् माइट. डोकं दुखलं. माइट म्हणजे होईनही, नाहीही. आमचा नळ.

२ मार्च

पाय सुजले. पायऱ्या बावीस, चढउतार दिवसातून पंधरा वेळा, अन् मधल्या वेळात भिंतीले टेकून उभं. स्टुलाचा अर्ज साहेबाच्या टेबलावर फायलीखाली आहे. मीच फाईल झटकते, मीच त्याच्यावर परत ठेवते.

सासूनं तेल लावून दिलं. नाही नाही म्हटलं तरी माझे पाय मांडीवर घेतले. रुखमाबाई म्हणजे वस्तीतलं सगळ्यात धारदार तोंड, पण हात मऊ. म्हणे, "एवढं इंग्रजी शिकून लंडनले जातं का वं?" मी म्हटलं, नाही आत्याबाई, दहा पावलं. भिंतीपासून डिस्पॅचच्या टेबलापर्यंत. तिनं परत हातावर तेल घेतलं. टाच चोळता चोळता म्हणाली, "छप्पन साली दीक्षेले गेलो तं सारे मैदानात मांडी घालून बसलो होतो. कोणी ऊठ म्हटलं नाही. माझ्या जिंदगीत पहिल्यांदा कोणी ऊठ म्हटलं नाही."

मले रडू आलं. तिनं पाय ढकलून दिले. "झालं तेल. भाकरी टाक."

११ मार्च

बाबाराव मले ‘मेमसाब’ म्हणून राहिले आजकाल. आज म्हणाले, "मेमसाब, फायली उचलता का?" मी म्हटलं, "आय माइट." त्याईले समजलं नाही. हाव म्हणून मान हलवली. फायली संध्याकाळपर्यंत तिथंच!

२९ मार्च

एक आठवडा राहिला. झाडू मारता मारता बोलते, चूल पेटवता पेटवता बोलते. आत्याबाईले आता ‘मे आय कम इन’ पाठ झालं. न्हाणीतून बाहेर निघतानाही म्हणते.

मले भेव लागून राहिलं. पस्तीसच्या वर कंपनी क्लार्कमध्ये घेत नाही. मी ऑगस्टमध्ये पस्तीस पूर्ण करते. आता नाही झालं तं मग म्हातारी होईपर्यंत ते भिंत अन् मी.

४ एप्रिल

ताईंनी शेवटचं सांगतलं, "अडलीस तर थांब. घाईनं येस सर म्हणू नकोस." आत्याबाईनं शेवटचं सांगतलं, "खुर्चीवर आख्खी बसजो. कडेकडेले नको बसू, पडशीन." लुगडं इस्तरी केलं.

५ एप्रिल

काय सांगू अन् कसं सांगू. जसं झालं तसंच लिहिते.

केबिनमध्ये तिघं. आमचे साहेब अन् मुंबईचे दोघं. एक वाळका, एक जाडे, त्यात जाडे हुद्द्यानं मोठे. "प्लीज सिट डाउन," म्हणाले. सहा वर्षांपासून त्या केबिनमधली खुर्ची पुसते मी, बसली आज. आख्खी बसली.

पहिलं नाव-गाव झालं. मग जाडे साहेब म्हणाले, चुकीच्या पत्त्यावर पत्र गेलं तं काय करशीन? म्हटलं, "आय वुड रन, सर. टू पोस्ट ऑफिस." अन् पोस्ट बंद असलं तं? मी थांबली. येस सर म्हटलं नाही. मग म्हटलं, "आय मस्ट नॉट क्राय. आय शुड टेल हेडक्लार्क. ही कॅन क्राय." जाडे साहेब गदगदा हासले. वाळक्यानंही काहीतरी लिहिलं. अवं, जमून राहिलं होतं! मले दिसत होतं जमून राहिलं ते!

अन् तेवढ्यात आमच्या साहेबानं, पाहुण्यांचा चहा सांगायसाठी, टेबलावरची घंटी दाबली.

टिंग.

मी जिन्याखाली! कधी उठली, कधी दार उघडलं, काही आठवत नाही. घंटी वाजली की माझे पाय मले विचारत नाही. खाली दादाजीच्या टपरीवर उभी राहून हाशहुश करून राहिली. दादाजी म्हणे, "किती?" मी म्हटलं, "तीन." तो कपात ओतून राहिला अन् मग माझ्या डोक्यात उजेड पडला. अवं वच्छला! तू मुलाखत देऊन राहिली होती! मुलाखत सोडून चहा घ्यायले आली तू!

बाबारावचं बरोबरच आहे वाटलं, हे बाई चहाचीच. वर जायचंच नाही, अशीच घरी जावं वाटलं. रडली मी. टपरीसमोर, भर सदरमध्ये, चार लोकायसमोर रडली. कायले लपवू इथं?

दादाजी घाबरला. "काय झालं वं बाई? साखर कमी पाह्यजे का?"

त्याच्या त्या तोंडाकडे पाहून मले हासू फुटलं. पदरानं डोळे पुसले. म्हटलं, "चार कर."

"चौथा कोणाले?"

"मले."

वर आली. दारात बाबाराव, पोट धरून. "वा मेमसाब! मुलाखतीतच चहा!" मी ट्रे त्याईच्या नाकाखालून आत नेला. तिघांसमोर तीन कप ठेवले. चौथा माझ्या खुर्चीसमोर ठेवला. अन् बसली. आख्खी. आमच्या साहेबाचं तोंड तं असं, कारलं खाल्ल्यासारखं. मी म्हटलं, "सॉरी सर. सिक्स इयर्स हॅबिट." अन् कप उचलला. चहावर फुंकर मारली.

जाडे साहेबानं माझ्याकडे पाहिलं. माझ्या कपाकडे पाहिलं. मग आपला उचलला, एक घोट घेतला अन् म्हणाले, "मे वी कंटिन्यू?"

मले विचारलं! मले!

"यू मे, सर."

६ एप्रिल

काही समजत नाही. बाबारावचा भाचा म्हणते त्याचं मस्त झालं. साहेब माझ्याशी बोलत नाही. चहा नेला तं मान वर केली नाही.

७ एप्रिल

ताईंले सांगतलं. चौथ्या कपापर्यंत आली तं त्या उठून आत गेल्या. मले वाटलं रागावल्या. बाहेर आल्या तं दोन कप घेऊन. एक मले दिला. सुपारी थुंकून आल्या होत्या.

१९ एप्रिल

झालं! झालं झालं झालं!

मुंबईचं पत्र आलं. मी स्वतःच पोस्टातून आणलं, स्वतःच साहेबाले दिलं, मले काय माहीत आत मीच आहो! साहेबानं वाचलं, परत वाचलं, म्हणाले, "काँग्रॅच्युलेशन्स." बाबारावनं बी हात जोडले. तोंड पाहण्यासारखं होतं, पण पाहून जास्त हासली नाही मी. त्याईच्याच हाताखाली राहायचं आहे.

आत्याबाईनं साऱ्या वस्तीत गूळ वाटला. यमुताईंनी पत्र वाचलं अन् त्यातल्या दोन चुका काढल्या. मुंबईच्या साहेबाच्या!

सोमवारी डिस्पॅचच्या टेबलावर. माझ्या जागेवर नवीन शिपाईबाई येणार, काटोलकडची कोणी पार्वतीबाई.

२२ एप्रिल

बसली. दिवसभर बसली. वेत थोडा टोचते, टोचू दे. पन्नास पत्रं नोंदवली, एकही चुकलं नाही.

पार्वतीबाई बरी आहे. माझ्याहून दहा वर्षांनी मोठी असन. तिले दोनदा पाणी सांगतलं, तीनदा चहा, वरच्या कपाटातल्या साऱ्या फायली काढायले लावल्या, परत ठेवायले लावल्या. पाच वाजता ती चपला घालायले वाकली, तेव्हा तिचे सुजलेले पाय दिसले मले. सकाळपासून ती माझ्या टेबलाजवळ उभी होती. माझ्यासमोर एक खुर्ची रिकामी होती. मी तिले बस म्हटलं नाही.