खांबास पत्र

ता. ३

आमच्या घराच्या चि. खांबास,

अनेक आशीर्वाद. डोळ्याची पट्टी सुटली. पहिला दिसला तो तुझ्या आत्याचा चेहरा, आणि तोही रागावलेला. मी तिला गलबत म्हणालो होतो. ती म्हणाली की गलबताला निदान कुणी दर तासाला चहा मागत नाही.

काय करू? शाळेत कवितेच्या तासाला उपमा ओळखली की गुरुजी पाठ थोपटायचे. ती थाप अजून पाठीवर आहे. खिडकीशी बसलो की तो वर्ग आठवतो, खडूचा वास येतो. आणि आठवतेस तू. तू तिथे उभी आहेस म्हणून घर उभं आहे. महिनाभरात इथून, आत्याकडून, घरी येतोच.

लोभ आहेच, तो राखून ठेव.
तुझे बाबा

ता. ९

ती. बाबांस,

सा. न. वि. वि. डोळ्यांत थेंब वेळेवर घाला, आत्याला छळू नका. मागच्या खोलीचा नळ मी दुरुस्त केला.

एक गंमत सांगते. इमारती दुरुस्त करणाऱ्या एका मोठ्या ऑफिसाकडून मला बोलावणं आलंय. परगावचं जुनं ग्रंथालय, दोन वर्षांचं काम, सगळं माझ्या हाताखाली. सोमवारी नाही म्हणून कळवणार आहे. आमचे साहेब म्हणाले की वेड लागलंय का तुला. मी हसून सांगितलं की मी घराचा खांब आहे, आणि खांब बदलीवर जात नसतात. तुमची उपमा कामी आली बघा!

लोभ असू द्यावा.
आपला,
खांब

ता. १२

चि. मुलीस,

आशीर्वाद. सवयीनं वर 'खांबास' लिहून गेलो होतो. कागद बदलला.

तुझं पत्र वाचून आधी मला बरं वाटलं. हे लिहायला हात धजत नाही, पण खरं तेच आहे. आत्याला मोठ्या कौतुकानं वाचून दाखवलं. ती भाजी निवडत होती, तशीच थांबली. म्हणाली की पोरीला जमिनीत पुरलंस आणि वर टाळ्या वाजवतोयस.

मग सारा दिवस कशात मन लागेना. तुझी आई गेली त्या दिवशी आल्यागेल्यांसमोर मी म्हणालो होतो, आता हीच घराचा खांब. तू ताठ उभी राहिलीस. एकोणीस वर्षांची पोर, डोळ्यांतून टिपूस काढलं नाहीस. मला अभिमान वाटला. खांब रडत नसतात, हे तुला मीच शिकवलं ग.

आपण सहज म्हणतो, आधार दिला, भार उचलला, घर सावरलं. बोलता बोलता माणसाची वीट होते आणि कुणाला कळतही नाही. मला तो शब्द नुसता सुंदर वाटत होता. तू त्यात राहत होतीस.

आधी वाटलं, तुझ्याच कामातली उपमा द्यावी. खांब काढण्याआधी तुम्ही टेकू लावता, तसं काहीतरी. अर्धं वाक्य लिहिलं आणि खोडलं. पुन्हा तुला लाकूडच करत होतो. पक्षी सुचला, नदी सुचली, तीही खोडली. तेव्हा साधंच लिहितो. तुला ते काम करावंसं वाटत असेल तर हो म्हण. मी इथेच राहीन. आत्या तयार आहे, अट एकच: चहा माझा मी करायचा. काल केला. कपबशी फुटली, बाकी जमलं.

सोमवारच्या आत हे पत्र तुला मिळू दे. नाही मिळालं, तर मी कुणाला तोंड दाखवू?

लोभ असू दे, ओझं नको.
बाबा

ता. १६

ती. बाबांस,

सा. न. पत्र शनिवारी मिळालं. काल हो कळवलं. पुढच्या महिन्यात निघायचंय. जाण्याआधी तुमच्या हातचा चहा प्यायला येते, आत्याला कपबश्या मोजून ठेवायला सांगा.

तुमचं पत्र स्वयंपाकघरात उभ्यानं वाचलं. मग तिथेच फरशीवर बसले आणि खूप रडले, बाबा. आईसाठीसुद्धा. बराच वेळ.

उठून पाहिलं तर घर होतं तसंच उभं होतं.

आपली,
मुलगी