सगुणेच्या कंप्युटरातले धवले

मोहने, मार्च १९९७

गो चंद्रभागे,

सगळ्यांच्या आधी आली ती शेजारची तुळसा. पाहुणे चारला यायचे, ही तीनलाच नवी साडी नेसून हजर, जशी काय तिलाच बघायला येणार होते. (थांब, आशीर्वाद राहिलाच. धाकटी आहेस, सुखात राहा. खोकला गेला का? काढा घे, डॉक्टरचं ऐकत बसू नको.) मग घोडबंदर रोडच्या कोलशेतची माणसं आली. मुलगा परशुराम, त्याची आई बायजाबाई आणि मामा. आपल्या रघूच्या सगुणेला बघायला. पोरगा कंप्युटरातला, आपली नातही कंप्युटरातली, म्हणून हे स्थळ मीच लावून धरलेलं. आता जमावं एवढंच मनात होतं, देवाला नारळसुद्धा बोलून ठेवलेला.

तुला माहीत नाही, मी लग्नांत गाते ते धवले ऐकून ऐकून सगुणेने कंप्युटरात घातलेत, एकशे बारा. (इंग्रजी अक्षरात. मराठी अक्षरं त्याला झेपत नाहीत.) आणि हवा तो धवला शोधून देणारा प्रोग्राम केलाय. करायच्या आधी मला विचारलेलं, आजी, मांडवात तुला नेमका धवला कसा आठवतो गो? मी म्हटलं, बाय, पहिल्यापासून म्हणत बसत नाही, एक शब्द धरते. तांदूळ म्हटलं की तांदळाचे पाच पुढे येतात, पाणी म्हटलं की पाण्याचे नऊ. तिने तसंच केलं. आधी शब्दांची यादी, आणि शब्दापुढे धवल्यांचे नंबर. सगळं सी नावाच्या भाषेत, कारण रघूने आणलेला कंप्युटर जुना, त्यात जड काही घातलं की बसकण मारतो.

पोहे झाले, सगुणेने हे परशुरामला दाखवलं, आणि तिथेच बिनसलं गो. तो म्हणाला, “सीमध्ये कशाला लिहिलंत? व्हिज्युअल बेसिक घ्यायचं. बटणं, खिडक्या, माऊस. आजींना वापरता यायला पाहिजे ना!” आपली म्हणाली, “वापरायच्या आधी चालू व्हायला पाहिजे ना!” मामाला ठसका लागला. पण पोरगा हटला नाही. आपला स्वतःचा एक प्रोग्राम दाखवायला त्याने पिशवीतून चार फ्लॉप्या काढल्या. (मुलगी बघायला येताना फ्लॉप्या! बायजाबाईंनी कपाळाला हात लावला.) एक घातली, दुसरी घातली. तोवर दुसरा चहा झाला आणि तुळसाचं पित्ताशयाचं ऑपरेशन सुरुवातीपासून टाके काढेपर्यंत सांगून झालं. मग एकदाचं उघडलं. कोपऱ्यात गुलाबाचं फूल, देखणं काम. बटण दाबलं तर वाळूचं घड्याळ आलं ते जाईचना. सगुणेने काळ्या पडद्यावर ‘हळद’ लिहिलं, आणि पापणी लवायच्या आत धवला समोर. मी खूश! पण बायजाबाई म्हणाल्या, “हे काळं काळं मला नाय जमायचं गो बाय. मला बटनच बरं.” झालं. दोघांची तोंडं दोन दिशांना, आणि रघू पंख्याकडे बघतोय. मी म्हटलं, गेलं स्थळ.

तेवढ्यात परशुरामने पडद्यावरचा धवला वाचायला घेतला. कसा? टेलिफोनची डिरेक्टरी वाचावी तसा. मला राहवेना. त्याच्या तोंडून घेतला आणि सुरात म्हणायला लागले. धवला उचलला की मध्ये ठेवता येत नाही, हे तुला काय सांगायचं. बायजाबाईंनी साथ धरली, तुळसाने बेसूर धरली. सहाव्या कडव्याला माझ्या ध्यानात आलं, अगं बाई, हा तर नवरा-नवरीला हळद लावतानाचा! आणि ती दोघं कंप्युटरपुढे पाटावर बसल्यासारखी शेजारी शेजारी! थांबता येईना, अकराच्या अकरा कडवी म्हटली. संपल्यावर मामा म्हणाले, “सुपारी फुटली नाही आणि हळद लागलीपण!” मला जमिनीत जावंसं वाटलं. पसंती द्यायच्या आधीच गळ्यात घातल्यासारखं झालं ना ते! कोण बोलेल, काय बोलेल?

बोलला परशुराम. त्याचं आमच्याकडे लक्षच नव्हतं, तो सगुणेची यादी बघत होता. म्हणाला, “शोधायचं काम तुमच्या सीमध्येच राहू दे. वरची बटणं तेवढी मी करतो.”

“दोनच बटणं,” सगुणा म्हणाली. “आणि फूल नको.”

“छोटंसं?”

“नको.”

बायजाबाईंनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. मग शेवया वाढल्या.

तुझी थोरली,
दगडाबाई

ता. क. तू शनिवारीच ये. तो धवला मी वेळेआधी म्हणून बसले, पुढे खरी हळद लागेल तेव्हा माझ्या तोंडून नको, तूच म्हण. आणि एकशे बारातले चाळीस तुझ्याकडून उचललेले आहेत. सगुणेला मी ते माझेच म्हणून सांगितलेत. पाहुण्यांसमोर विषय निघाला तर नुसती मान डोलव.

आणखी ता. क. सगुणा म्हणते, आजी, तो फक्त प्रोग्रामला येतोय, उगाच सगळीकडे पत्रं धाडू नको. बायजाबाईंनी मात्र निघताना दारात हळूच विचारलं, पोरीला हिरवी साडी शोभेल का पिवळी. मायलेक दोघंही येतो म्हणालेत, येत्या रविवारी, सकाळी दहाला.