नवा कार्बोरेटर आणि चार चाळीसचा चहा

तीर्थस्वरूप ताईस,

तुझ्या शिवणयंत्रं दुरुस्त करणाऱ्या मामेभावाचा नव्हे, आतेभावाचा साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात, कंबर धरल्यामुळे प्रत्यक्षात खुर्चीतूनच). सध्या माझं डोकं ठिकाणावर नाही, त्यामुळे नात्यातसुद्धा घोटाळे होतात. तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला गेला का? इकडे मामीची तब्येत माझ्यापेक्षा ठणठणीत आहे. फोनच केला असता, पण फोनवर तू मला प्रत्येक वाक्यात अर्ध्यावर तोडतेस, आणि ही गोष्ट अर्धी ऐकली तर तू मला वेड्यात काढशील. पुरी ऐकूनही काढशील, पण निदान पुऱ्या माहितीवर काढशील.

तर मामा जाऊन आठ महिने झाले. त्याची ती इंजिन बसवलेली सायकल तू मला दिलीस, तिथपर्यंत सगळं बरं होतं. पण मी तिच्यावरून मामीच्या गल्लीत शिरलो, की फटफट ऐकून मामी उठणार, चहाचं आधण ठेवणार, कप घेऊन फाटकाशी येणार, आणि मला बघून कप तसाच परत नेणार. हे मी तुला कळवलं ही माझी चूक. तू लगेच फर्मान काढलंस, की त्या गाडीचा आवाज बदल, तो आवाज आहे तोवर आई ते घर सोडून माझ्याकडे यायची नाही. मला ते पटलं. (तुझं म्हणणं मला नेहमीच पटतं. लहानपणी तू मला पाण्याच्या टाकीत उतरवलंस आणि शिडी काढून घेतलीस, तेव्हाही आधी पटलंच होतं.)

आवाज बदलायचा म्हणजे कार्बोरेटर बदलायचा. ही मुठीएवढी वस्तू पेट्रोल आणि हवा कालवून इंजिनाच्या तोंडात भरवते. मामाचा जुना कार्बोरेटर पोटभर भरवून वर आग्रहही करायचा, त्यामुळे इंजिन ठसकत चालायचं, आणि गरम असताना एकदा बंद केलं की तासभर हूं की चूं नाही. म्हणून तर मामा छापखान्याची पार्सलं पोचवता पोचवता चार चाळीसला घरी यायचा, पण आत यायचा नाही. एक पाय जमिनीवर, बूड सीटवर, इंजिन चालू, आणि मामीने फाटकाच्या खांबावर ठेवलेला चहा तीन घोटांत संपवून चालू पडायचा. अकरा वर्षं त्या माणसाने दुपारचा चहा स्वतःच्या घरात बसून घेतला नाही. चढ आला की हीच गाडी धापा टाकायची. "घाट चढायला लागली की लेकीकडे जाऊ," म्हणायचा. बसने जा म्हटलं तर रागवायचा, लेकीच्या दारात मी माझ्याच गाडीवरून उतरणार! मामीसाठी मागे कॅरिअरवर गादीसुद्धा बसवली होती (शिलाई माझी, दुहेरी). मामी तिच्यावर एकदाही बसली नाही. चढावर ढकलायला मी खालीच हवी, असं तिचं म्हणणं.

नवा कार्बोरेटर मात्र देखणा निघाला. जुना उतरवून, कोरडा पुसून, फडक्यात गुंडाळून मी दुकानातल्या बटणांच्या डब्यात ठेवला. नव्याच्या आणि इंजिनाच्या मधे एक पातळ गॅस्केट बसवायची असते. ती मी हरवली, आणि तिच्या जागी खोक्याचाच पुठ्ठा कापून लावला. (हसू नकोस. शिवणयंत्राला चालतं.) पुठ्ठ्यातून हवा शिरली, इंजिन पिसाळलं, आणि मी तीन गल्ल्या पाय वर करून, "बाजूला व्हा"च्या ऐवजी "वाचवा" ओरडत पार केल्या आणि फर्निचरवाल्याने बाहेर मांडलेल्या सोफ्यावर उतरलो. कंबर तिथेच धरली. फर्निचरवाला म्हणाला, बसून बघायला काही हरकत नाही, पण चप्पल काढा. दुसऱ्या दिवशी नीट गॅस्केट आणून बसवली, आणि काय सांगू, गाडी अशी चालायला लागली जसं शेजारच्या खोलीत कोणी मशीनवर सलग शिवण मारतंय. गरम असो, गार असो, एका पायडलात चालू.

तशीच दुपारी दोनला मामीकडे नेली. मामी ओसरीवर पडद्याला टाके घालत होती. मी फाटकापर्यंत आलो तरी तिने मान वर केली नाही. घंटी वाजवली तेव्हा म्हणाली, "अगंबाई, तू होय!" फत्ते! गाडी बंद करून फाटकाबाहेर लावली आणि तुला काय काय ऐट मारायची याचा विचार करत आत जाऊन बसलो.

चार चाळीसला मामी उठली आणि तिने आधण ठेवलं.

मी म्हटलं, सवय असेल. तेवढ्यात गल्लीच्या टोकाकडून आवाज आला. दोन ठसके, मग फटफट, पुन्हा ठसका. ताई, तो आवाज मी ओळखणार नाही का? मी स्वतःच्या हाताने सोडवून डब्यात घातलेला आवाज होता तो! फाटकापाशी आला आणि तिथेच चालू राहिला. फाटकाशी माझ्या सायकलीशिवाय काही नव्हतं. तिच्या इंजिनावर हात ठेवला, गार. मामीने खांबावर कप ठेवला. वाफ कोणी फुंकर घातल्यासारखी एका बाजूला गेली आणि चहा तीन टप्प्यांत खाली उतरला. मग दोन ठसके, आणि आवाज गल्लीच्या दुसऱ्या टोकाला निघून गेला. मामीने कप उचलून आत बघितलं. "आज तळाशी ठेवला नाही. साखर बरोबर झाली म्हणायची," म्हणाली आणि विसळायला गेली.

मी दुकानापर्यंत पळालो (धरलेल्या कमरेने माणूस किती पळू शकतो ते त्या दिवशी कळलं). डबा कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली माझ्या कमरेला. उघडला. फडकं पेट्रोलने भिजलेलं, आणि कार्बोरेटर इतका तापलेला की बोटाला फोड आला. तुला पुरावा म्हणून तो फोड जपणार होतो, पण काल फुटला.

पुढचे चार दिवस मी रोज चार चाळीसला फाटकाशी हजर होतो. भीती वाटत नव्हती असं नाही; भीती वाटायची म्हणूनच जायचो, घरी बसून जास्त वाटायची. पाचव्या दिवशी मामीला सरळ विचारलं. ती पडदा खाली ठेवून म्हणाली, "येतात रे रोज. आत या म्हटलं तर येत नाहीत. इंजिन बंद पडेल ना. ते असे दारात ताटकळत असताना मी लेकीकडे कशी जाऊ?" अगदी दूधवाल्याची वेळ सांगावी तसं सांगितलं तिने. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला, आणि खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणीही आलं.

मग तिने विचारलं, "तुझा तो नवा घाट चढतो का?" मी म्हटलं, घाट काय, भिंत चढेल! (तुला माझा स्वभाव ठाऊक आहे.) "मग उद्या दुपारी गाडी इथे ठेवून जा. टाकी भरून ठेव," म्हणाली. त्याप्रमाणे आज ठेवून आलो आहे. तात्पर्य, आवाज बदलून काही साधलं नाही. मामी तिकडे येईल ही आशा तू आता सोड, आणि मला बोल लावू नकोस.

भावोजींना नमस्कार. काळजी घे.

तुझा,
टाकीतला भाऊ

ता. क. पाकीट चिकटवायचं राहिलं होतं म्हणून लिहितो. पाच वाजता गाडी आणायला मामीकडे गेलो. घराला कुलूप. किल्ली कुंडीखाली, तिच्यासोबत चिठ्ठी: "कुंड्यांना पाणी घाल. लेकीकडे जाऊन येते. हे आहेत सोबत." फाटकाच्या खांबावर दोन कप, दोन्ही रिकामे. सायकल नाही. समोरच्या इस्त्रीवाल्याने मामीला जाताना पाहिलं. मागे गादीवर बसली होती, मांडीवर पिशवी, एक हात पुढे धरलेला. पुढे कोण होतं, असं मी विचारलं. त्याने एकच सदरा तीनदा इस्त्री केला. मग म्हणाला, "हँडल अगदी सरळ होतं."

ता. क. दुसरा. दुकानात येऊन डबा उघडला. जुना कार्बोरेटर गार आणि कोरडा ठणठणीत. चार चाळीसची वेळ उलटून गेली होती. आठ महिन्यांत पहिल्यांदा मला मामा गेल्यासारखा वाटला, आणि मी डबा मांडीवर घेऊन चांगला हमसून रडलो.

ता. क. तिसरा, आणि खरं काम हेच. फोन करायला हात धजत नाही, कारण तू पहिलं विचारशील, आई कुठंय. पत्र तातडीच्या टपालाने धाडतो, परवा सकाळी मिळेल. ती दोघंही परवाच पोचतील. मामी त्याला ताशी वीसच्या पुढे जाऊ द्यायची नाही. गाडीच्या पिशवीत माझा दहा नंबरचा पाना राहिलाय, तो जपून ठेव. फटफटीची वाट बघत बसू नकोस. आवाज तूच बदलायला लावलास, आता तो शिवणयंत्रासारखा येईल, नीट कान देऊन बस. मामा सवयीने फाटकाशीच थांबेल, एक पाय जमिनीवर टेकून, इंजिन चालू ठेवून. चहा बाहेर नेऊ नकोस. त्याला सांग, नवा कार्बोरेटर आहे, बंद केलं तरी एका पायडलात चालू होतं. बंद कर आणि आत येऊन बस म्हणावं.